नऊची गोळी

पहाटे ५.४०

उठल्या उठल्या मोबाइल बघायचा नाही, असं मी दर पाडव्याला ठरवते. आज बघितलाच. रात्री नऊनंतर मिस्ड कॉल नाही. तेरवा नव्हता, परवा नव्हता आणि कालही नाही. तीन रात्री झाल्या.

हा मिस्ड कॉल म्हणजे आम्हा दोघींचा करार. रात्री नऊला गोळी घेतली की तिनं एक रिंग द्यायची आणि कट करायचं. बोलायचं नाही, मेसेज नाही. तिचं नाव मी फोनमध्येही ठेवलेलं नाही. पहिल्यांदा आली तेव्हा तोंडाला जांभळा स्कार्फ होता, म्हणून 'जांभळा स्कार्फ'. वय तेवीस, दिवस गेलेत, पाचवा महिना. तिला एचआयव्ही नाही. नवऱ्याला आहे, हे दोन महिन्यांपूर्वी ट्रकचालकांच्या तपासणी शिबिरात कळलं.

पुणे-बंगळूर महामार्गालगतच्या एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मी समुपदेशक आहे. कंत्राटी, चौदा वर्षं. आमच्या दारावर 'एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र' अशी लांबलचक पाटी आहे. कर्मचारी 'आयसीटीसी' म्हणतात. ज्यांना तेवढंही तोंडावर आणायचं नसतं ते म्हणतात, 'सोळा नंबरात जायचंय.'

चहा उतू गेला.

सकाळी ८.१५

वडापमध्ये आम्ही अकरा जण. शेजारच्या बाईनं विचारलं, "कुठं कामाला?" दवाखान्यात. "कुठल्या खात्यात?" समुपदेशन. या शब्दावर चौकशी थांबते, असा माझा चौदा वर्षांचा अनुभव आहे. शब्द इतका जड की त्याच्या आत काय असेल, हे कुणी उघडून बघत नाही.

जांभळ्या स्कार्फची गोळी म्हणजे प्रेप. टेनोफोविर आणि एमट्रिसिटाबिन ही दोन औषधं एका गोळीत असतात. ती एचआयव्हीच्या उपचारातलीच, पण लागण झालेली नसताना घ्यायची, विषाणू आला तर त्याचं बस्तान बसू नये म्हणून. मी बायकांना प्रेप म्हणत नाही, 'अडवायची गोळी' म्हणते. केनिया आणि युगांडातल्या साडेचार हजारांहून जास्त जोडप्यांवरच्या अभ्यासात, जिथं एकाला लागण होती आणि दुसऱ्याला नव्हती, या गोळीनं लागण ७५ टक्क्यांनी घटवली. तो निष्कर्ष २०१२ मध्ये छापला गेला. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं, जिथं धोका मोठा आहे तिथं ही गोळी द्यावी, असं सांगितलं. आपल्याकडे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची, म्हणजे नॅकोची, प्रेपबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं २०२२ मध्ये आली. आमच्या खिडकीवर मात्र ही गोळी मिळत नाही. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी लिहून द्यायची, मेडिकलमधून घरच्या पैशानं आणायची. तीन रात्री मिस्ड कॉल का नाही? पैसे संपले, गोळ्या संपल्या की सासूच्या हाती डबी लागली? वडाप थांबेपर्यंत मनात तिन्ही कारणं फिरवून झाली. खरं कारण चौथंच निघालं.

सकाळी ९.०५

आज नऊ तारीख. २०१६ पासून दर महिन्याच्या नऊ तारखेला गरोदर बायकांची खास तपासणी असते. व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नसते. आमच्या टेक्निशियननं फ्रीजचं तापमान वहीत लिहिलं आणि किट मोजली. प्रत्येकीची एचआयव्ही, सिफिलिस आणि कावीळ बी यांची तपासणी. एचआयव्हीची चाचणी करतोय हे सांगायचं, नको म्हणायचा हक्क आहे हेही सांगायचं, आणि मगच सुई टोचायची. फार थोड्याजणी नको म्हणतात.

रांग पुढं सरकेपर्यंत मी बाकावरच्या बायकांशी बोलते. आज विषय लोहाच्या गोळ्यांचा. डबीतल्या गोळ्या संपत का नाहीत, असं विचारलं तर सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. उत्तर दिलं ते एका सासूबाईंनी. हिरवं लुगडं, हातात सुनेची पिशवी.

"गरम पडत्यात त्या. आन् त्येनं बाळ लय मोठं हुतं, मग बाळंतपण जड जातं."

"मावशी, अंगात रक्त कमी असलं तर बाळंतपणात काय होतं, बघितलंय का कधी?"

"बघितलंय की." थोडं थांबून म्हणाल्या, "माझी धाकटी भण तशीच गेली. पिवळीधमक झालती. रगात थांबलंच न्हाई."

बाकावर कुणीच बोलेना. मलाही पुढं काय विचारावं कळेना. शेवटी विचारलं, "मग गोळीची भीती मोठी की त्याची?"

सासूबाईंनी पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. "त्ये तुमी कशाच्या मानानं इचारताय त्येच्यावर हाय," त्या म्हणाल्या. "नुसतं गोळी गरम का म्हणलासा तर हाय गरम. भणीच्या मानानं न्हाई."

चौदा वर्षांत मी पाच-सहा प्रशिक्षणं केली. औषधाची सुरक्षितता इतक्या नेमकेपणानं कुणी शिकवली नव्हती.

सकाळी १०.३५

पुढचा नंबर पुकारला आणि हिरव्या लुगड्याशेजारची पोरगी उठली. आज स्कार्फ नव्हता, म्हणून मी ओळखलंच नव्हतं. सासूबाई मागोमाग निघाल्या. मी म्हटलं, "मावशी, आत एकीलाच. सगळ्यांना तसंच आहे." त्या बसल्या, पण दाराकडं तोंड करून.

आत आल्यावर तिनं आधी कडी लागली का बघितलं. "बंद केली, मॅडम."

"कधीपासून?"

"तीन रोज झालं. गोळ्या आनाय गेलते. मेडिकलवाल्यानं चिठ्ठी बघितली, माझ्या पोटाकडं बघितलं, म्हनला, ही तर एड्सची गोळी. गरोदर बाईनं असलं काय घ्यायचं नसतं, बाळ वाकडंतिकडं निघंल." तिचा आवाज फाटला. "मी दोन म्हैनं बाळाला इख पाजलं का, मॅडम?"

मला आधी दुसरं काहीतरी विचारायचं होतं. गेल्या चार दिवसांत नवऱ्याशी संबंध आला असता आणि गोळी चुकली असती, तर ७२ तासांच्या आत वेगळे उपचार सुरू करायचे की नाही, ते डॉक्टरांना लगेच विचारावं लागलं असतं.

"मालक कुठं आहेत?"

"गाडीवर. धा रोज झालं."

म्हणजे वेळ होती. रक्त काढायला टेक्निशियनला बोलावलं आणि निकाल येईपर्यंत आम्ही बोलत बसलो.

मी तिला सांगितलं ते असं. ही औषधं गरोदर बायकांच्या पोटात पहिल्यांदा तुझ्याच जात नाहीयेत. ज्यांना एचआयव्ही आहे अशा लाखो बायका टेनोफोविर असलेली गोळी गरोदरपणभर घेतात आणि त्याच्यासोबत आणखी दोन औषधं. अशा गरोदरपणांची एक आंतरराष्ट्रीय नोंदवही १९८९ पासून ठेवली जाते. तिच्यात टेनोफोविर पहिल्या तीन महिन्यांत घेतलेल्या हजारो बायका आहेत. त्यांच्या बाळांमध्ये जन्मजात व्यंगाचं प्रमाण इतर बाळांपेक्षा जास्त दिसलेलं नाही. आफ्रिकेतल्या त्या जोडप्यांच्या अभ्यासात ४३१ गर्भधारणा झाल्या. दिवस गेल्याचं कळलं की तिथं गोळी थांबवत, पण कळेपर्यंतचे पहिले चार-पाच आठवडे गोळी पोटात होतीच. बाळाचे अवयव घडायला लागतात ते हेच आठवडे. गोळी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या बायकांच्या बाळांमध्ये, त्यांच्या पहिल्या वर्षाच्या वाढीत, ठळक फरक निघाला नाही. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की गरोदरपणात आणि अंगावर पाजताना प्रेप सुरू ठेवता येते, सुरूही करता येते.

"मग त्येला काय तरास न्हाईच?"

असं मी कधीच म्हणत नाही. पहिले दोन-तीन आठवडे मळमळतं, डोकं दुखतं. ते तिनं सोसलंही होतं, डोहाळे समजून. मूत्रपिंडावर क्वचित ताण येतो, म्हणून आधी आणि अधूनमधून क्रिएटिनिन तपासायचं. आईच्या हाडांची घनता किंचित उतरते आणि गोळी थांबली की भरून येते. बाळाच्या हाडांत जन्मावेळी थोडा फरक दाखवणारे अभ्यासही आहेत आणि न दाखवणारेही. कावीळ बी असेल तर गोळी आपल्या मनानं थांबवायची नाही, यकृत भडकतं. तिला कावीळ बी नव्हती, म्हणून तीन दिवसांच्या खंडात तेवढं तरी वाचलं.

मग मी म्हटलं, "तुझ्या सासूबाई मघाशी बाहेर काय म्हणाल्या, ऐकलंस?"

ती डोळे पुसता पुसता हसली. "कशाच्या मानानं."

गोळीचा धोका नुसताच बघितला तर आईला घाबरवायला पुरतो. तो कशाच्या शेजारी ठेवायचा, हे मेडिकलवाल्यानं सांगितलं नव्हतं. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर बाईला लागण होण्याची शक्यता एरवीपेक्षा वाढते. आफ्रिकेतल्या जोडप्यांच्याच माहितीवरून २०१८ मध्ये हिशेब मांडला गेला. एका संबंधामागे होणारी लागण दिवस भरत आल्यावर जवळजवळ तिप्पट आणि बाळंतपणानंतरच्या महिन्यांत जवळजवळ चौपट निघाली. घरोघरी नेमकं उलटं धरून चालतात. दिवस गेले, आता कंडोम कशाला? बाळंतीण आहे, आता पाळी नाही, मग कसली भीती? आणि याच काळात आईला नवी लागण झाली, तर रक्तातला विषाणू सुरुवातीला सगळ्यात जास्त असतो. नाळेतून आणि दुधातून बाळापर्यंत पोचायची संधीही त्याच दिवसांत सगळ्यात मोठी. पहिल्या तिमाहीत चाचणी निगेटिव्ह आली म्हणून घरचे निर्धास्त असतात, त्यामुळे ती लागण लक्षातही येत नाही.

ती बराच वेळ पदराच्या पिकोचा धागा ओढत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी बाळासाठी बंद केली, त्येच उलटं झालं."

"झालं नाही. व्हायच्या आत आलीस."

निकाल निगेटिव्ह. महिन्यानं पुन्हा तपासायचं आणि त्यानंतर दर तीन महिन्यांनी. कारण लागण झालेली असताना ही दोनच औषधं अपुरी पडतात आणि विषाणू त्यांना दाद देईनासा होतो. आज रात्रीपासून पुन्हा सुरू. गोळीचा अंमल पुरता चढायला निदान सात दिवस धरतात. मी तीन आठवडे सांगते, तोवर कंडोम हवाच. गरोदरपणात रक्तातलं औषधाचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशानं उतरतं. म्हणून एरवी एखादी चुकलेली गोळी खपून जाते, तशी आता खपत नाही. आठवली की घ्यायची, पण दुसऱ्या दिवशी दोन नाही.

सातव्या महिन्यात ती माहेरी जाणार, जत तालुक्यात. पहिलं बाळंतपण, रीतच आहे. तेव्हा दोन महिन्यांच्या गोळ्या बरोबर हव्यात आणि तिथल्या केंद्रात तिची नोंद हवी. नवरा सासुरवाडीला येणारच. चौपटीचे महिने माहेरात जायचे आहेत.

"डबी कुठं ठेवू? आई सगळं उपसती."

"गोळ्या दुसऱ्या डबीत काढू नको. आत ओल शोषणारी पुडी असते. वरचं लेबल तेवढं खरवडून टाक."

दार उघडलं तेव्हा सासूबाई उभ्याच होत्या. "एवढा येळ?" मी म्हटलं, "रक्त कमी आहे. गोळ्या चुकवू देऊ नका." दोन्ही वाक्यं खरी होती. कुठल्या गोळ्या, ते मी सांगितलं नाही, सांगणारही नव्हते. २०१७ चा एचआयव्ही कायदा माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. माणसाच्या संमतीशिवाय त्याची ही माहिती बाहेर जाता कामा नये.

सकाळी ११.५०

आता एक आई आली, चार वर्षांपासून उपचारावर असलेली. मांडीवर सहा आठवड्यांचं बाळ. आज त्याच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन कागदावर वाळवायचे. हीच तपासणी पुढं सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, आणि शेवटची दीड वर्षाचा झाल्यावर. बाळानं असा टाहो फोडला की व्हरांड्यातली रांग हलली.

ही आई रोज टीएलडीची गोळी घेते, टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्राविर. भारतात २०१४ पासून प्रत्येक गरोदर आणि स्तनदा पॉझिटिव्ह आईला आजन्म उपचार मिळतात. उपचारच नसतील तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना लागण होते. नीट उपचार असतील तर पाचाच्याही खाली. बाळाला सहा आठवडे रोज नेविरापिनचे थेंब दिले, आजपासून दुसरं औषध.

या थेंबांमागं पुण्याच्या बायका आहेत, हे मी प्रत्येक आईला सांगते. पूर्वी बाळाला जन्मल्यावर नेविरापिनचा एकच डोस द्यायचे. पुण्याचं बी. जे. मेडिकल कॉलेज, इथिओपिया आणि युगांडा इथं अंगावर पिणाऱ्या बाळांना तो सहा आठवडे देऊन बघितला. २००८ मध्ये निष्कर्ष छापून आले. सहाव्या आठवड्याला लागण झालेली बाळं ५.३ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आली होती. ससूनच्या वॉर्डातल्या कुणा कुणाच्या लेकरांनी ते थेंब आधी चाखले, म्हणून आज आमच्या कपाटात ती बाटली आहे.

"मी गोळी खाते, ती दुधातून ह्याच्या पोटात जाते ना?" तिनं विचारलं.

सकाळी जांभळ्या स्कार्फशी बोलणं पोटातल्या बाळापाशी थांबलं होतं, दुधाचा विषय राहिला होता. तिच्या गोळीत आणि हिच्या गोळीत टेनोफोविर सारखंच आहे. केनिया-युगांडातच ५० आया आणि त्यांची अंगावर पिणारी बाळं यांचं रक्त आणि दूध तपासलं गेलं. आयांना एचआयव्ही नव्हता, त्या प्रेपवर होत्या. ४९ बाळांपैकी ४६ जणांच्या रक्तात टेनोफोविर सापडलंच नाही. दुधातून बाळाला दिवसाला मिळणारं टेनोफोविर बाळाच्या औषधी डोसाच्या बारा हजारावा भाग इतकंही नव्हतं. एमट्रिसिटाबिन जरा जास्त उतरतं, तरी डोसाच्या दोनशेव्या भागाहून कमी. याचं कारणही समजण्यासारखं आहे. गोळीतल्या टेनोफोविरला एक वेष्टन जोडलेलं असतं. त्याशिवाय ते आतड्यातून रक्तात धड शिरत नाही. आईच्या शरीरात ते वेष्टन सुटतं. दुधात उतरतं ते उघडं टेनोफोविर, आणि बाळाचं आतडं ते फारसं घेतच नाही.

मी ड्रॉपर उचलून दाखवला. "दुधातून जाईल त्याच्या कैक पट औषध आपण स्वतःच याच्या तोंडात घातलंय, सहा आठवडे. बघ कसा गुटगुटीत आहे."

जाताना तिला एक आठवण केली. लोह आणि कॅल्शियम टीएलडीच्या जोडीनं उपाशीपोटी घ्यायचं नाही, डोलुटेग्राविर अडकून पडतं. जांभळ्या स्कार्फच्या गोळीत डोलुटेग्राविर नाही, तिला ही अडचण नाही.

दुपारी १.१५

डबा. सिस्टरची मेथी, माझं पिठलं, आणि नवे डॉक्टर. एमबीबीएस करून बाँडवर आलेत. मी म्हटलं, गरोदर बाईला प्रेप. ते पटकन म्हणाले, "गरोदर आहे ना? मग शक्यतो काहीच नको."

त्यांचा दोष नाही. हे भय शिकवलं जातं आणि त्याला कारण आहे. १९५७ ते १९६१ या काळात गरोदरपणातल्या मळमळीवर थॅलिडोमाइड दिलं गेलं आणि दहा हजारांहून जास्त मुलं व्यंग घेऊन जन्मली. त्यानंतर औषधांच्या चाचण्यांतून गरोदर बायकांना बाहेर ठेवायची वहिवाट पडली. बायका सुरक्षित राहाव्यात हा हेतू. झालं असं की औषधं बाजारात यायची आणि गरोदर बाई दारात उभी राहिली की कुणाकडेच उत्तर नसायचं.

डोलुटेग्राविरचं आठवतंय? मी विचारलं. ते तेव्हा कॉलेजात होते. मे २०१८ मध्ये बोट्स्वानातून बातमी आली. दिवस राहण्याआधीपासून हे औषध घेणाऱ्या ४२६ बायकांपैकी चौघींच्या बाळांच्या मेंदू-मज्जारज्जूच्या घडणीत दोष होता. जगभर हात आखडले. कुठं बायकांना गर्भनिरोधक असेल तरच औषध, अशी अट आली. बोट्स्वानानं मोजणं मात्र थांबवलं नाही. नोंदी हजारांवर गेल्या तसा तो आकडा खाली येत गेला आणि इतर औषधांच्या पंगतीत जाऊन बसला. आज आपल्या पॉझिटिव्ह आया तीच गोळी घेतात.

डॉक्टर थोडा वेळ मेथी चिवडत राहिले. मग त्यांनीच विचारलं, "आणि नवीन इंजेक्शन आलंय म्हणे, सहा महिन्यांतून एकदा?" लेनाकापाविर. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत ते घेणाऱ्या २,१३४ मुली-बायकांपैकी एकीलाही लागण झाली नाही, हे २०२४ मध्ये कळलं. मला त्यातली दुसरीच गोष्ट मोठी वाटते. ज्यांना चाचणीच्या काळात दिवस गेले त्यांना बाहेर काढलं नाही. त्यांना विचारलं आणि ज्या हो म्हणाल्या त्यांचं औषध सुरू राहिलं.

दुपारी २.३०

अनोळखी नंबर. मागं हॉर्न आणि कुठल्या तरी टपरीवरचं गाणं.

"मॅडम, मी बोलतोय. तिच्या घरचा." जांभळ्या स्कार्फचे मालक. "घरात काय झालंय का? फोनवर नीट बोलंना."

तिची गोष्ट मी त्यालाही तिच्या परवानगीशिवाय सांगत नाही. म्हटलं, "तिलाच विचारा, आणि आधी तुमचं सांगा. गोळ्या?"

"एक चुकली न्हाई. क्लीनरला सांगितलंय, पित्ताची हाय."

हा माणूस बायकोला स्वतः माझ्यापुढं घेऊन आला होता. "माझ्यामुळं हिला काय हू नये," एवढंच म्हणून तो भिंतीकडं बघत उभा राहिला होता. असे थोडे असतात.

त्यानं विचारलं, हिला ही गोळी कुठवर खावी लागणार? आणि इथं मला सांगण्यासारखी चांगली बातमी असते. तुमच्या रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसा राहिला, की तुमच्यापासून तिला लागण होत नाही. २०११ मध्ये नऊ देशांतल्या जोडप्यांच्या अभ्यासात लवकर सुरू केलेल्या उपचारांनी जोडीदाराची लागण ९६ टक्क्यांनी घटवली. त्यात पुण्याच्या 'नारी' या एड्स संशोधन संस्थेतली जोडपीही होती. पण त्याला साधारण सहा महिने लागतात आणि तुमचे दोनच झालेत.

"तिची गोळी म्हणजे साकव समजा," मी म्हटलं. "पावसाळ्यापुरता. तुमचा पक्का पूल झाला आणि डॉक्टर हो म्हणाले, की काढून टाकायचा."

"म्हंजी माझ्यावरच हाय," तो म्हणाला.

"निम्मं."

दुपारी ३.४०

नोंदी. पोर्टलचं नाव 'सोच'. आज त्याला काही सुचत नव्हतं, चाक नुसतं फिरत होतं. तोवर कागदी रजिस्टर. एकाहत्तर गरोदर बायका, एकाहत्तर निकाल. जांभळा स्कार्फ इथं एक क्रमांक आहे. 'शेरा' या रकान्यात मी लिहिलं, 'पुन्हा सुरू'. तीन रात्रींची झोप दोन शब्दांत मावली.

संध्याकाळी ५.१०

घरी जाताना मेडिकलमध्ये थांबले. तिनं दुकान सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. म्हणून स्टँडजवळच्या तिन्ही दुकानांत गेले, प्रत्येक ठिकाणी एक एक वस्तू घेतली. ओआरएस, कापूस, सेफ्टी पिना. प्रत्येक ठिकाणी तेच म्हटलं. टेनोफोविरची चिठ्ठी घेऊन कुणी बाई आली तर ती आजारीच असेल असं नाही, आणि गरोदर असली तरी डॉक्टरांनी विचार करून लिहिलंय. शंका आली तर तिला नका सांगू, मला फोन करा. पहिल्यानं कार्ड ठेवून घेतलं. दुसरा म्हणाला, माहीत आहे. तिसऱ्यानं मान खाली घालून सुटे पैसे मोजायला घेतले. फार वेळ मोजत होता.

रात्री ९.००

भाकरी झाली, मुलगा अभ्यासाला बसला. फोन ओट्यावर, मिठाच्या बरणीशेजारी.

नऊ वाजले. नऊ पाच. नऊ दहा. मी भांडी विसळायला घेतली. नळाच्या आवाजात रिंग ऐकू येणार नाही म्हणून नळ बंद केला.

नऊ बावीसला स्क्रीन उजळली. जांभळा स्कार्फ. एक रिंग झाली, दुसरी झाली. कट होईना. तिसरीला मी उचलला.

"हॅलो, मॅडम का?" आवाज तिचा नव्हता. हिरवं लुगडं. माझ्या पोटात गोळा आला.

"बोला मावशी."

"सुनंनं सांजच्याला सांगून ठिवलंय, नवाची गोळी चुकवायची न्हाई म्हनून. आन् आता झोपलीया बगा ढाराढूर. दमलीया. तुमी दवाखान्यात म्हनलासा चुकवू दिऊ नगा." पलीकडे डबी खुळखुळली. "आता उठवू का सकाळी दिऊ?"

तिनं सासूला काय सांगितलं होतं, कुठल्या गोळीबद्दल, किती, ते मी विचारलं नाही.

"उठवा, मावशी."

"बरं," त्या म्हणाल्या. आणि फोन कट व्हायच्या आधी, लांबून, "ए बाय, ऊठ जरा."